तक्रार सोपी झाली, ठराव कुठे गेला?

मागच्या रांगेत आवाज पोचतोय ना? ठीक. पत्रिकेत विषयाचं नाव जरा भारदस्त छापलंय, 'नागरी वस्ती आणि ऑनलाइन तंत्रज्ञान'. आम्ही तो घरगुती करून सांगतो. आपण ज्या आळीत, ज्या सोसायटीत, ज्या झोपडपट्टीत राहतो, तिथला रस्ता किती रुंद असावा, शाळेची जागा कुठे असावी, टेकडी टेकडीच राहावी की नाही, हे कोण ठरवतं? आणि गेल्या दहा-पंधरा वर्षांत हातात मोबाइल आला, घरात इंटरनेट आलं, त्यामुळे या ठरवण्यात आपला वाटा किती वाढला?

आम्ही म्हणजे पुण्यातले पाच-सहा जण. कोणी वास्तुरचना शिकवतं, कोणी बँकेतून निवृत्त झालंय, एकजण वकील आहे. विकास आराखड्याचे नकाशे एकत्र बसून वाचायचे, हा आमचा रविवारचा उद्योग. नातेवाईक हसतात. हसू देत.

आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना उठून जायचं असेल त्यांची सोय. शहराच्या कारभाराशी बोलायचे नागरिकाकडे तीन मार्ग असतात. तक्रार, हरकत आणि ठराव. दिवा बंद आहे, ही तक्रार. माझ्या घरावरून रस्ता आखू नका, ही हरकत. आणि आमच्या वस्तीला बाग नंतर, आधी दवाखाना, असं पन्नास माणसांनी एकत्र बसून, भांडून, शेवटी हात वर करून ठरवलं, तर तो ठराव. तंत्रज्ञानानं तक्रार फार सोपी केली. हरकतींचा ढीग वाढवला. ठरावाकडे मात्र कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. आणि नियोजन ही मुळात ठरावाची गोष्ट आहे, कारण जागा एकच असते आणि मागणारे पुष्कळ.

तक्रारीच्या बाबतीत आम्ही कौतुक करायला तयार आहोत. १५ ऑगस्ट २०१३ ला पिंपरी-चिंचवड महापालिकेनं 'सारथी' नावाची हेल्पलाइन सुरू केली. श्रीकर परदेशी तेव्हा आयुक्त होते. कोणत्या कामाला कोणती कागदपत्रं लागतात, कोणत्या खात्यात जायचं, ही माहिती फोनवर, पुस्तिकेत आणि संकेतस्थळावर मिळू लागली. महापालिकेच्या पायऱ्या झिजवणाऱ्या माणसाला हे केवढं मोठं सुख होतं, ते ज्याच्या चपला झिजल्यात त्यालाच कळेल. 'साहेब जेवायला गेलेत' हे वाक्य थोडं तरी कमी झालं. पुढे बहुतेक महापालिकांनी ॲप काढली, फोटो काढून टाका, तक्रार क्रमांक घ्या.

पण ॲपमध्ये तक्रार करायची तर आधी यादीतून प्रकार निवडावा लागतो. खड्डा, कचरा, दिवा, पाणी, ड्रेनेज, भटकी कुत्री. आता समजा तुमचं म्हणणं असं आहे, की आमच्या भागात वीस वर्षांपूर्वी शाळेसाठी आरक्षित केलेला भूखंड आहे आणि तिथे गाड्या धुण्याचं केंद्र चाललंय. कोणत्या प्रकारात टाकणार? 'अतिक्रमण' मध्ये टाकलं तर तो विभाग कळवतो, जागा महापालिकेच्या ताब्यात नाही, मालमत्ता विभागाकडे जा. मालमत्ता विभाग म्हणतो, भूसंपादन झालेलं नाही, आमचा संबंध नाही. मग ॲपवर हिरवी खूण येते, 'तक्रार निकाली'. आमच्या ओळखीतल्या एका बाईंना अशी हिरवी खूण एकाच भूखंडासाठी तीनदा मिळाली. शहराचं नाव घेत नाही, कारण हे एका शहराचं दुखणं नाही. यादी ज्यानं बनवली त्याला शहर म्हणजे बिघडणारं यंत्र वाटतं. बिघडलं की दुरुस्त करा. यंत्र कसं असावं, हा प्रश्नच त्या यादीत बसत नाही.

आता हरकत. इथे जरा थांबू, कारण खरा मामला इथेच आहे.

महाराष्ट्रात १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्यानं प्रत्येक महापालिकेला विकास आराखडा करावा लागतो. आपण त्याला डीपी म्हणतो. प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो, राजपत्रात आणि वर्तमानपत्रांत सूचना येते, आणि मग महिना-दोन महिन्यांच्या मुदतीत नागरिकांनी हरकती आणि सूचना द्यायच्या. त्या ऐकायला एक नियोजन समिती बसते, स्थायी समितीचे तीन सदस्य आणि बाहेरचे जास्तीत जास्त चार जाणकार. म्हणजे सात माणसं.

पुण्याच्या जुन्या हद्दीचा प्रारूप आराखडा २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या आधीचा मंजूर आराखडा १९८७ चा. मधल्या काळात पुणं कुठल्या कुठे गेलं होतं. या आराखड्यावर ८० हजारांच्या वर हरकती आल्या. आम्ही एकदा कागद-पेन्सिल घेऊन हिशेब केला. ८० हजार धरा. प्रत्येक हरकतीला फक्त दोन मिनिटं द्या. तेवढ्यात माणूस खुर्चीत बसून नावही नीट सांगत नाही, पण असू दे. झाली १ लाख ६० हजार मिनिटं, म्हणजे २,६६६ तास. समिती रोज सहा तास बसली, रविवारी, दिवाळीला, गणपतीतसुद्धा, तर ४४४ दिवस लागतील. सव्वा वर्ष! अर्थात असं कोणी करत नाही. हरकतींचे गठ्ठे बांधतात, एकसारख्या हरकती एकत्र करतात, माणसांना गटागटानं बोलावतात. त्या आराखड्याचं पुढे काय झालं? २०१५ मध्ये राज्य सरकारनं तो महापालिकेच्या हातातून काढून घेतला, आणि २०१७ च्या जानेवारीत मंजूर केला. नागरिकांनी सहभाग घेतला नाही, असं त्या वेळी कोणीही म्हणू शकत नव्हतं. आणि सहभागातून काही ठरलं, असंही नाही.

एवढ्या हरकती आल्या कशा? छापील नमुन्यांमुळे आल्या. एकानं मजकूर लिहायचा, त्याच्या प्रती काढायच्या, खाली नाव-पत्ता-सही. ई-मेल आणि व्हॉट्सॲपनं हे काम आणखी सोपं केलं. 'खालील मजकूर कॉपी करा, आपलं नाव घाला, अमुक पत्त्यावर पाठवा.' आम्ही स्वतः असे मजकूर तयार केले आहेत आणि पुन्हाही करू, कारण मुदत संपत आलेली असताना दुसरं हत्यार नसतं. पण हत्याराची धार समजून घ्यावी. हजार माणसांनी एकच मजकूर पाठवला की दप्तरात ती हजार माणसं उरत नाहीत, एक मुद्दा उरतो, 'गठ्ठा क्रमांक अमुक'. आणि हरकत नेहमी 'नको'ची असते. माझ्याकडे नको, माझ्या सोसायटीकडे नको. मग कुठे हवं? हे सांगायला हरकतीच्या अर्जात रकाना नसतो. शेजारच्या दोन सोसायट्या एकाच रस्त्याबद्दल उलटसुलट हरकती पाठवतात आणि त्यांची एकमेकांशी गाठही पडत नाही. दोघींचं ऐकून घेतो तो तिसरा, समितीतला किंवा मंत्रालयातला.

मुंबईचा अनुभव जरा वेगळा आणि आमच्या मते जास्त शिकवणारा आहे. २०३४ सालापर्यंतचा आराखडा करताना मुंबई महापालिकेनं आधी जमिनीचा सध्याचा वापर दाखवणारे नकाशे २०१२ मध्ये लोकांसमोर ठेवले. कुठे घरं, कुठे शाळा, कुठे मैदान. हे नकाशे महाजालावर आले आणि वस्त्यावस्त्यांतल्या संस्था-संघटनांनी ते छापून घेऊन प्रत्यक्ष गल्लीत जाऊन ताडून पाहिले. चुका निघाल्या, पुष्कळ निघाल्या. तरीही फेब्रुवारी २०१५ मध्ये जो प्रारूप आराखडा आला त्यात उभ्या इमारतींमधून रस्ते गेलेले, वारसा वास्तू आणि प्रार्थनास्थळं चुकीची दाखवलेली. ओरड इतकी झाली की एप्रिल २०१५ मध्ये मुख्यमंत्र्यांनी तो मागे घेऊन दुरुस्त करायला सांगितला. सुधारित प्रारूप मे २०१६ मध्ये आलं आणि सप्टेंबर २०१८ पासून नवा आराखडा लागू झाला.

त्यातली कोळीवाड्यांची गोष्ट तर प्रत्येक नियोजनकारानं पाठ करावी. कोळीवाड्याच्या कडेला मोकळी जागा असते. उपग्रहाच्या छायाचित्रात ती रिकामी दिसते. नकाशा काढणारा दूर कुठेतरी संगणकापुढे बसलेला, तो म्हणतो, मोकळी जमीन. आणि कोळीणबाईला विचारा, ती म्हणेल, मोकळी कुठली? बोंबील कुठे वाळवायचे मग? जाळी कुठे पसरायची, होडी कुठे शाकारायची? वर्षातले काही महिने ती जागा म्हणजे कारखाना असतो आणि उरलेले महिने अंगण. कोळीवाड्यांच्या हद्दी नीट आखा, ही मागणी मच्छीमारांना वर्षानुवर्षं करत राहावी लागली. चित्र वरून कितीही स्वच्छ आलं, तरी जमिनीवरच्या माणसाला विचारल्याशिवाय ते वाचता येत नाही.

हे काही आम्ही नवीन सांगत नाही. शंभर वर्षांपूर्वी पॅट्रिक गेडिस नावाचे स्कॉटिश गृहस्थ हिंदुस्थानात येऊन हेच सांगत होते. १९१४ मध्ये आले, दहाएक वर्षं गावोगाव हिंडले, ठाण्यावरही त्यांनी लिहिलं. १९१९ पासून मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचे ते प्राध्यापक होते, आणि १९२४ मध्ये त्यांच्यानंतर तो विभाग सांभाळला तो आपल्या गोविंद सदाशिव घुर्ये यांनी. गेडिस यांचा आग्रह असा, की आधी पाहणी, मग आराखडा. आणि पाहणी म्हणजे गल्लीतून पायी हिंडणं. रुंद सरळ रस्ता काढण्यासाठी घरं पाडत सुटायचं नाही, जिथे अगदी नड आहे तिथेच थोडं कापायचं, पडकं घर काढून तिथे झाड लावायचं.

त्यांची इंदूरची हकिगत मोठी मजेशीर आहे. होळकरांचं राज्य, प्लेगचा काळ. शहरात हा परका माणूस नकाशे घेऊन हिंडतो म्हटल्यावर लोकांत धास्ती, आता आपली घरं पाडणार. गेडिस यांनी दरबाराकडून एका दिवसाचं राजेपण मागून घेतलं आणि दिवाळीत मिरवणूक काढायचं ठरवलं. मिरवणूक नेहमीच्या मार्गानं जाणार नाही. ज्या रस्त्यांवर लोकांनी घरं सर्वांत जास्त स्वच्छ आणि दुरुस्त केली असतील, त्या रस्त्यांनी जाईल, असं जाहीर केलं. मग काय! आळ्याआळ्यांत चढाओढ. गाड्या भरभरून कचरा निघाला. १९१८ मध्ये त्यांनी इंदूर दरबाराला दिलेला अहवाल नगररचनेच्या अभ्यासात आजही वाचला जातो. आम्हाला या गोष्टीत गंमत वाटते ती अशी, की मिरवणूक आपल्या रस्त्यानं यावी असं वाटत असेल तर एका घरानं चुना लावून भागत नव्हतं. शेजाऱ्याशी बोलावंच लागत होतं.

आता २०१५ मध्ये येऊ. त्या वर्षी जूनमध्ये स्मार्ट सिटी अभियान सुरू झालं. केंद्राकडून निवडलेल्या प्रत्येक शहराला पाच वर्षांत ५०० कोटी. शहरांची स्पर्धा लावली आणि स्पर्धेत नागरिकांच्या सहभागाला गुण होते. पुणे महापालिकेनं घरोघरी अर्ज वाटले, ऑनलाइन मतं मागवली, लाखो नागरिकांचे अभिप्राय आल्याचं सांगितलं. जानेवारी २०१६ मध्ये पहिली यादी लागली, भुवनेश्वर पहिलं आणि पुणं दुसरं. पेढे वाटले.

लोकांना विचारलं काय होतं? तुमच्या दृष्टीनं सर्वांत महत्त्वाचा प्रश्न कोणता, वाहतूक की पाणी की कचरा. कोणीही सांगेल, वाहतूक. ते सांगायला अर्ज कशाला हवा? जे प्रश्न खरोखर वादाचे होते, ते तिथल्या सभागृहात गाजले. अभियानासाठी वेगळी कंपनी काढायची, तिच्यात राज्य आणि महापालिका यांची निम्मी-निम्मी मालकी. मग निवडून आलेल्या सभागृहाचा अधिकार कुठे राहतो? आणि शहरातला एक भाग निवडून तिथे मोठा पैसा घालायचा, तो भाग कोणता? पुण्यानं औंध-बाणेर-बालेवाडी निवडलं, सुमारे ९०० एकर. त्या भागातल्या मित्रांनी राग मानू नये, औंधचे नवे पदपथ खरोखर चांगले झालेत, आम्ही तिथे मुद्दाम चालायला गेलो आहोत. पण भवानी पेठेतल्या कासेवाडीत किंवा लोहियानगरात, जिथे दोन घरांच्या मधून एक माणूस आडवा होऊन जातो, तिथल्या माणसानं विचारलं की आमची निवड का नाही, तर त्याला कोणत्या ऑनलाइन मतदानाचा आकडा दाखवायचा? मोजणी करणाऱ्यांनी मतं गोळा केली. ती एकमेकांसमोर मांडून, कोणाची नड मोठी, हे ठरवायची जागा मात्र तयार केली नाही. पैसा, माणसं, तंत्रज्ञ, सगळं हाताशी असताना केली नाही, म्हणून आम्हाला ही संधी वाया गेली असं वाटतं.

पुण्यानं याच्या आधी एक चांगलं पाऊल टाकलं होतं, २००६-०७ च्या अंदाजपत्रकापासून. नागरिकांचा अर्थसंकल्प. आपल्या भागातलं छोटं काम, ५ लाखांपर्यंतचं, नागरिकांनी सुचवायचं आणि महापालिकेनं अंदाजपत्रकात घ्यायचं. देशात असं करणाऱ्या सुरुवातीच्या शहरांत पुणं होतं. ही कल्पना मूळची ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहराची, १९८९ मधली. पण तिथे वस्त्यांच्या सभा भरत. माणसं येत, तावातावानं बोलत, प्रतिनिधी निवडत, आणि तुमच्या वस्तीत आधीच गटार आहे, आमच्याकडे नाही, म्हणून या वर्षी आमचा नंबर, असं एकमेकांना पटवत. आपल्याकडे त्या कल्पनेचा अर्ज झाला. क्षेत्रीय कार्यालयात जाऊन अर्ज भरा. पुढे अर्ज ऑनलाइन आला, आणि सगळ्यांना वाटलं, चला, सुधारणा झाली. बाक, दिवा, बसथांबा, पदपथाची दुरुस्ती. तुमचं काम का घेतलं, माझं का नाही, हे ना तुम्हाला माहीत ना मला. रांगेत उभं राहण्याचे कष्ट वाचले, हे खरं. पण रांगेत निदान पुढच्या माणसाच्या हातातला अर्ज दिसायचा. (हशा) हसू नका, आम्ही गंभीरपणे बोलतोय. रांगेत ओळखी होतात.

कायद्यात ठरावाला जागाच नाही, असं मात्र कोणी समजू नये. चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती १९९३ पासून लागू आहे. तीन लाखांवरच्या शहरांत प्रभाग समित्या हव्यात, असं ती सांगते. आपण केल्याही. पुण्यात १५ क्षेत्रीय कार्यालयं आहेत आणि २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या ३१ लाख होती. म्हणजे एका कार्यालयाच्या वाट्याला तेव्हाच सरासरी दोन लाख माणसं. त्यात दोन रत्नागिरी शहरं मावतील. याला वस्ती म्हणायचं? म्हणून २००९ मध्ये राज्यानं महापालिका कायद्यात आणखी खालची पायरी घातली, क्षेत्रसभा. शेजारच्या काही मतदान केंद्रांचे मतदार मिळून एक सभा. गावाला ग्रामसभा, तशी आळीला क्षेत्रसभा. तुमच्यापैकी किती जण क्षेत्रसभेला गेलेत? एकही हात नाही. अपेक्षित होतं. आम्ही कुठल्याही शहरात हा प्रश्न विचारला की असंच होतं. नगरसेवकांना ती नको होती, प्रशासनाला नको होती, आणि खरं सांगायचं तर आपणही मागितली नाही.

मग मार्च २०२२ मध्ये मुंबई आणि पुण्याच्या महापालिकांची मुदत संपली आणि जवळपास चार वर्षं निवडणूकच झाली नाही. प्रशासकाचा कारभार. कोट्यवधी माणसांना नगरसेवक नाही, स्थायी समिती नाही, सभागृहात प्रश्न विचारायला कोणी नाही. या काळात नागरिकांच्या हातात उरलं काय? ॲप, हेल्पलाइन, समाजमाध्यमांवर आयुक्तांना उद्देशून टाकलेला फोटो. आणि ते बऱ्यापैकी चाललं! खड्डे काही बुजले, दिवे काही लागले. याचीच आम्हाला भीती वाटते. तक्रारीचं ॲप चांगलं चालत असेल तर नगरसेवकाशिवायही शहर चालतं, असं वाटायला लागतं. किती सभ्य गृहस्थांच्या तोंडून ऐकलं, प्रशासक बरा होता, भांडणं नव्हती. त्याच चार वर्षांत नदीकाठ, टेकड्या, उड्डाणपूल यांचे मोठे निर्णय पुढे सरकत होते, आणि त्यांच्यासाठी कुठल्याही यादीत प्रकार नव्हता.

सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटाबद्दल थोडक्यात बोलतो, कारण तुम्हा सगळ्यांना तो तोंडपाठ आहे. सकाळी शुभेच्छा, दुपारी पाण्याचा टँकर, संध्याकाळी पार्किंगवरून भांडण. कामाचाही आहे, करोनाच्या दिवसांत याच गटांनी औषधं पोचवली. पण गटाची हद्द म्हणजे सोसायटीची भिंत. फाटकावरच्या ॲपमध्ये घरकाम करणाऱ्या मावशी कधी आल्या, कधी गेल्या, याची नोंद होते. त्या मावशी भिंतीपलीकडच्या वस्तीत राहतात, त्यांच्या आणि आपल्या घरचं पाणी एकाच टाकीतून येतं, रस्ता एकच, आणि त्या आपल्या गटात नाहीत. आपण त्यांच्या गटात नाही. नियोजनाच्या भाषेत ही एक वस्ती आहे. मोबाइलमध्ये त्या दोन आहेत.

यावरून लगेच जुन्या वाड्याचे आणि कट्ट्याचे उमाळे काढायला आम्ही तयार नाही. पेठेतल्या कट्ट्यावर बाई बसत नव्हती आणि आळी कोणाची हे जात ठरवत होती. जोतीराव फुल्यांना १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला करावा लागला, याचा अर्थ शेजारी शेजाऱ्याला पाणी देत नव्हता. आळीत कोणी बोलायचं हे जुनं शहर जन्मावरून ठरवायचं. आजचं शहर भाडेकराराच्या मुदतीवरून आणि इंग्रजी वाचता येण्यावरून ठरवतं. विकास आराखड्याच्या नकाशाची शंभर एमबीची फाईल चार इंची पडद्यावर उघडून, पिवळा म्हणजे निवासी, निळा म्हणजे व्यापारी, हिरवा म्हणजे मोकळा, हे ताडून, आपला सर्व्हे नंबर शोधायचा. अशी फाईल टाकून दिली की माहिती खुली झाली, असं दप्तरात लिहिता येतं.

तंत्रज्ञानाचं वैर आम्हाला नाही, हे कळावं म्हणून एक उदाहरण पुण्याचंच देतो. शेल्टर असोसिएट्स ही वास्तुरचनाकारांनी सुरू केलेली संस्था. २००० च्या आसपास, जेव्हा बहुतेकांच्या घरी संगणकही नव्हता, तेव्हापासून ही मंडळी झोपडपट्ट्यांचे संगणकीय नकाशे करत आली आहेत. वस्तीतल्याच लोकांना, त्यातही बायकांना बरोबर घेऊन घरोघर माहिती जमवायची. कोणत्या घरात किती माणसं, शौचालय आहे की नाही, ड्रेनेजची वाहिनी किती लांब. मग ती माहिती नकाशावरच्या प्रत्येक घराला जोडायची. पुढे 'एक घर एक शौचालय' या त्यांच्या कामात याच नकाशांवरून कळायचं, वाहिनी कुठे आहे आणि कुठे नाही. वाहिनी नसलेल्या गल्लीत शौचालयं बांधून काय उपयोग? संगणक तोच, उपग्रहाचं चित्र तेच. फरक एवढाच, की नकाशा छापून पुन्हा वस्तीत नेला, माणसांसमोर ठेवला, आणि तुमचं घर हे का, असं विचारलं.

परदेशातलं हवं तर बार्सिलोना घ्या. तिथल्या महापालिकेनं २०१६ मध्ये 'डेसिडिम' नावाची ऑनलाइन व्यवस्था सुरू केली, खुल्या आज्ञावलीची, कोणीही उचलून वापरावी अशी. तीत सूचना टाकता येतेच, पण वस्तीत भरलेल्या बैठका, त्यांची टिपणं, आणि तुमची सूचना स्वीकारली की नाकारली आणि का, हेही तिथेच लिहिलेलं असतं. आमच्या मते त्यातला 'का' हा सगळ्यात महाग शब्द आहे. आपल्या ॲपमध्ये हिरवी खूण आहे, 'का' नाही.

तेव्हा करायचं काय? नवी सभागृहं आता आली आहेत. आमची मागणी अगदी साधी आहे आणि तिला फार पैसेही लागत नाहीत. आराखड्याचा प्रत्येक प्रभागाचा नकाशा, मराठीत, भिंतीवर लावता येईल एवढा मोठा छापून, प्रत्येक आरोग्य कोठीत, शाळेत आणि रेशन दुकानाबाहेर लावावा, हरकतींची मुदत सुरू व्हायच्या आधी. क्षेत्रसभा भरवावी. तिचा ठराव झाला तर तो जसाच्या तसा संकेतस्थळावर यावा आणि नियोजन समितीनं त्याच्याखाली कारणासकट उत्तर लिहावं. गठ्ठ्यातल्या हजार हरकतींपेक्षा असे दहा ठराव वाचायला सात माणसांना वेळ मिळेल.

कोणी म्हणेल, सभेत दांडगे लोकच बोलतील. बोलतीलच. गणपती मंडळाच्या बैठकीत काय वेगळं होतं? तरी वर्गणी जमते, मांडव उभा राहतो, आणि आळीत कोणाकडे म्हातारं माणूस आजारी आहे म्हणून ढोल कधी थांबवायचा, हेही कधीकधी ठरतं. कधीकधीच, मान्य.

आमचं बोलणं संपलं. प्रश्नोत्तरांच्या आधी एक सूचना. या सभागृहाच्या भोवतीच्या भागाचा आराखड्याचा नकाशा मागच्या टेबलावर पसरून ठेवलाय, वर पारदर्शक कागद आहे आणि पेन्सिली आहेत. आपलं घर शोधा, शेजारचं आरक्षण कशाचं आहे ते पाहा, चुकीचं वाटलं तर कागदावर लिहा. पाच-पाच जणांनी या, एकेकट्यानं नको. आणि चष्मा बरोबर घ्या, सूची फार बारीक छापलीय. ऑनलाइन ऐकणाऱ्यांनी आपापल्या शेजाऱ्याला घेऊन आपल्या क्षेत्रीय कार्यालयात जावं आणि नकाशा मागावा. नाही म्हणाले तर लेखी द्या म्हणावं.

हं, विचारा. निळ्या शर्टातल्या ताई, आधी तुम्ही.